फळा, पट आणि पगार

लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. २०२५च्या दहावीत राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून. त्यातले ११३ एकट्या या विभागाचे होते. राज्यात विभाग नऊ, आणि निम्म्याहून जास्त शंभरी या तीन जिल्ह्यांत! आता त्याच दिवशीचा दुसरा आकडा बघा. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, लातूर विभागाचा ९२.७७. उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग शेवटून दुसरा होता.

पुस्तकं तीच, प्रश्नपत्रिका तीच, अनुदानित शाळांत वेतनश्रेणीही तीच. मग एका शाळेतले गणिताचे सर सकाळी सातला जादा तास घेतात आणि तीस किलोमीटरवरच्या शाळेत त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच पदवीचे सर घंटेची वाट बघत बसतात, असं का? ‘एक मन लावून करणारा, दुसरा कामचुकार’ हे उत्तर मला पटत नाही. शाळा बदलली, मुख्याध्यापक बदलले की तोच माणूस वेगळा वागताना दिसतो. कुणी मरगळलेला असतो तो उभारी धरतो, कुणी धडाडीचा असतो तो वर्षभरात गप्प होतो. म्हणजे माणसाबाहेर काहीतरी आहे, जे त्याला बळ देतं किंवा त्याचं बळ काढून घेतं. हायस्कूलच्या शिक्षकाच्या बाबतीत ते काय असावं, याचा शोध घेताना नांदेड-लातूरइतका बोलका प्रदेश दुसरा सापडणार नाही.

पहिलं उत्तर सगळ्यांच्याच ओठावर असतं: पगार. इंडोनेशियानं हे उत्तर खरंच तपासून पाहिलं. २००५ साली तिथं कायदा झाला आणि प्रमाणित शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट करायचं ठरलं. संशोधकांनी ३६० शाळा घेतल्या, त्यातल्या काही शाळांच्या शिक्षकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून वाढ आधी मिळवून दिली, बाकीच्यांना ती क्रमानं मिळणार होती. दोन-तीन वर्षांनी तुलना केली. वाढ मिळालेले शिक्षक जास्त समाधानी होते, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदा करणाऱ्यांचं प्रमाण घटलं होतं. मुलांचं शिकणं मात्र होतं तिथंच राहिलं. दुप्पट पगार, आणि मुलांच्या गुणांत फरक नाही.

आता याच्या अगदी उलट टोक आपल्याकडं आहे. २००१ नंतर महाराष्ट्रात नव्या माध्यमिक शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर मान्यता मिळू लागली. सरकारकडून वेतन नाही, कधी मिळणारही नाही, असा त्याचा अर्थ. २००९ मध्ये ‘कायम’ ही अट काढली, शाळांचं मूल्यांकन सुरू झालं, आणि २०१६ पासून वीस टक्क्यांनी टप्पा अनुदान यायला लागलं. मधल्या काळात मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या या शाळांत माणसं शिकवतच होती. कुणी सकाळी शाळा करून दुपारी शेतात जायचं, कुणी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचं, कुणाचं घर बायकोच्या शिलाई मशिनवर चालायचं. ऐन पंचविशीत लागलेला माणूस चाळिशीला आला तरी हातात पूर्ण पगार नाही. २०२५च्या जुलैमध्ये हेच शिक्षक पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर पुढच्या टप्प्याच्या निधीसाठी बसले होते.

दुप्पट पगारानं शिकवणं सुधारलं नाही आणि शून्य पगारानं ते थांबलं नाही! या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असू शकतात?

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याची एक वाट दाखवली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि हिशेबनीसांना दोन साधे प्रश्न विचारले. कामावर फार छान वाटलं असा एखादा प्रसंग सांगा. फार वाईट वाटलं असा एक सांगा. १९५९ साली पुस्तक आलं. त्यातली गंमत अशी की दोन याद्या एकमेकींच्या उलट निघाल्या नाहीत, त्या वेगळ्याच निघाल्या. वाईट वाटलेल्या प्रसंगांत पगार, साहेबाची वागणूक, कचेरीचे नियम, कामाची जागा. छान वाटलेल्या प्रसंगांत काहीतरी साधलं, कुणीतरी ते ओळखलं, जबाबदारी सोपवली गेली. पगार वेळेवर नसेल तर माणूस कुढतो, पण वेळेवर झाला म्हणून तो पेटून उठत नाही. कुढणं थांबवणारी आणि उमेद देणारी अशी दोन खाती आहेत, आणि एकातली रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही.

१९६७ मध्ये थॉमस सर्जियोव्हानी यांनी हेच शिक्षकांना विचारलं. उत्तरं बरीचशी तशीच आली, एक मोठा फरक सोडून: बढतीचा विषय शिक्षकांच्या बोलण्यात जवळपास नव्हताच. तो का नव्हता हे आपल्या कोणत्याही हायस्कूलच्या मस्टरवर दिसतं. पंचविसाव्या वर्षी ‘सहशिक्षक’ म्हणून लागलेली व्यक्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी बहुधा ‘सहशिक्षक’ म्हणूनच निवृत्त होते. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळू शकते, तीही वीस टक्के पदांनाच. पर्यवेक्षक, मुख्याध्यापक हे मोजक्यांच्या नशिबी. तहसील कचेरीतल्या कारकुनाला चढायला जितक्या पायऱ्या असतात तितक्याही इथं नाहीत.

मग तेहतीस वर्षं हा माणूस कशावर जगतो? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात याचं उत्तर फार नेमकं दिलं आहे. शिक्षकाची खरी कमाई म्हणजे एखाद्या मुलापर्यंत आपण पोचलो, हे त्याला कळण्याचा क्षण. हा मोबदला पगारपत्रकात येत नाही, कुणी देऊही शकत नाही. तो वर्गातच मिळतो.

तो क्षण दिसतो कसा? नववीचा वर्ग घ्या. फळ्यावर उणे तीन वजा उणे पाच. नियम पाठ आहे, उणे-उणे अधिक, पण मागच्या तीन बाकांना तो का, हे ठाऊक नाही. मॅडम फळ्यावर विहीर काढतात. काठ म्हणजे शून्य. तू तीन पायऱ्या खाली उभा आहेस. पाच पायऱ्या खाली उतरलास म्हणून तू तीनवर आहेस; आता ते पाच उतरणंच काढून टाकलं. मग कुठं असशील? वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा बोटांनी हवेत पायऱ्या मोजतो आणि म्हणतो, ‘मॅडम, काठाच्या वर. दोन.’ आणि लगेच शेजाऱ्याला समजावायला लागतो. त्या तासानंतर मॅडम स्टाफरूममध्ये येतात तेव्हा त्यांची चाल वेगळी असते. हे ज्यानं शिकवलं आहे त्याला सांगावं लागत नाही.

आता तोच तास पुन्हा बघा, फक्त मध्येच शिपाई दारात येतो. शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या ग्रुपवर निरोप आला आहे, आधार वैध नसलेल्या विद्यार्थ्यांची यादी दुपारी बारापर्यंत विहित नमुन्यात पाठवा, माहिती निरंक असल्यास तसं कळवा. संगणकाचं काम मॅडमना येतं, म्हणून ते त्यांच्याकडंच. विहीर अर्धी राहते. मागच्या बाकावरची बोटं हवेतच थांबतात. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. पण ही माहितीची कामं ‘शिक्षणाचीच’ समजली जातात. ‘अशैक्षणिक कामं’ या शब्दावर शिक्षक इतके चिडतात त्याचं कारण मला असं दिसतं: श्रमाचा त्यांना कंटाळा नसतो, त्या कामातून मूल कुठंच दिसत नाही, हे खुपतं.

हे ध्यानात ठेवून लातूरकडं बघू या. १९७० साली स्थापन झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याच्याआधीचं दयानंद महाविद्यालय, ही दोन नावं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बारावीच्या गुणवत्ता यादीत अशी झळकू लागली की पुण्या-मुंबईच्या लोकांनी नकाशात लातूर शोधलं. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते डॉ. जनार्दन वाघमारे, जे पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्याला सगळे ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात त्यात गुपित असं नव्हतं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव चाचण्या, पुन्हा चाचण्या, पेपर लगेच तपासून मुलाच्या हातात, कुठं चुकलं ते शेजारी बसवून सांगायचं, सुट्टीतही वर्ग. हे सगळं शिक्षकांनी एकजुटीनं करायचं.

बाहेरून बघणाऱ्यांनी यातला विद्यार्थी पाहिला. मला यातला शिक्षक जास्त विलक्षण वाटतो. दर आठवड्याच्या चाचणीत त्याला आपलं शिकवणं मुलाच्या वहीत उतरलेलं दिसत होतं. एरवी शिक्षकाला निकाल वर्षातून एकदा कळतो, तोही टक्केवारी म्हणून. इथं तो दर सोमवारी कळत होता, नावानिशी, उत्तरानिशी. लॉर्टी म्हणतात ती कमाई आठवड्याला मिळत होती. आणि गाव बघत होतं. भाजी घेताना लोक विचारत, सर, यंदा किती पोरं मेरिटला?

याला दूरवरून एक पुरावाही मिळतो. आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सरकारी प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला: मुलांचे गुण जितके सुधारतील तितका शिक्षकांना बोनस. सरासरी बोनस वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फार नाही. दोन वर्षांत त्या शाळांतली मुलं स्पष्टपणे पुढं गेली, ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही. शिक्षकांची हजेरी मात्र वाढली नव्हती! मग बदललं काय? आलेले शिक्षक जादा तास घेत होते, गृहपाठ जास्त देत होते, सराव चाचण्या घेत होते, कच्च्या मुलांकडं बघत होते. म्हणजे लातूरनं जे वीस वर्षं आधी केलं होतं तेच. तीन टक्क्यांसाठी कुणी इतकं करत नाही. माझ्या मते त्या बोनसनं शिक्षकांना एवढंच सांगितलं की तुमच्या वर्गात काय होतं हे कुणीतरी मोजतंय, आणि मोजलेलं तुम्हाला कळवतंय.

याच प्रयोगाच्या थोडं आधी, २००३ मध्ये, देशभर न सांगता शाळांना भेटी देऊन एक पाहणी झाली. सरकारी प्राथमिक शाळांतले चारातले एक शिक्षक जागेवर नव्हते. पाहणीतल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत चांगला होता, गैरहजेरी पंधरा टक्क्यांच्या आत. पण लक्षात ठेवावं असं पुढंच आहे. जास्त पगाराचे शिक्षक कमी गैरहजर असतात, असं आढळलं नाही. जिथं इमारत धड होती, पक्का रस्ता जवळ होता, कुणी नुकतंच येऊन शाळा पाहून गेलं होतं, तिथं शिक्षक हजर होते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात उन्हाळ्यात शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, हा शिक्षिकेच्या मनोबलाचा प्रश्न आहे. सहा तास पाणी न पिता शिकवणाऱ्या बाईंना उमेदीवर भाषण देऊ नये.

आता नांदेड. इथली गोष्ट लातूरपेक्षा मोठी आहे, आणि तिच्याकडं शिक्षकाच्या बाजूनं फारसं पाहिलं गेलेलं नाही.

२०१०च्या आधी परीक्षेत कॉपी सर्रास चालायची. त्या काळातलं एखादं परीक्षा केंद्र ज्यानं पाहिलं आहे त्याला वर्णनाची गरज नाही. भिंतीवर चढलेली पोरं, खिडकीच्या गजातून आत जाणाऱ्या चिठ्ठ्या, फाटकापाशी गाइडची पानं फाडणारे भाऊ आणि काका. शाळेत न जाता परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरून लांबलांबची मुलं ‘सोप्या’ केंद्रांवर येत. मग डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी झाले आणि २०१०च्या परीक्षेत त्यांनी कॉपी बंद करायचं मनावर घेतलं. शिक्षक, पालक, विद्यार्थ्यांच्या सभा झाल्या, केंद्रांवर कडक पहारा बसला. जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. ओरड झाली. पण मोहीम टिकली आणि पुढं ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यानं ती उचलली.

कॉपीनं मुलाचं नुकसान होतं हे सगळे सांगतात. शिक्षकाचं काय होतं? समजा, तुम्ही वर्षभर रसायनशास्त्र जीव तोडून शिकवलं. शेजारच्या वर्गावरचे सर वर्षभर आलेच नाहीत. निकाल दोघांचा सारखाच, नव्वद टक्के. पहिल्या वर्षी तुम्हाला वाईट वाटतं, दुसऱ्या वर्षी राग येतो. तिसऱ्या वर्षी मूल तुम्हाला सरळ विचारतं, सर, हे कशाला लिहून घ्यायचं? तुमच्याजवळ उत्तर नसतं. शिकवणं आणि निकाल यांच्यातला दुवाच तुटलेला असतो, आणि त्या दुव्यावरच शिक्षक जगत होता. त्याहून वाईट म्हणजे केंद्रावर तुम्हालाच पर्यवेक्षक म्हणून उभं राहून दुसरीकडं बघावं लागतं. जो माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये असा उभा राहिला, तो जूनमध्ये त्याच मुलांच्या डोळ्याला डोळा देऊन कसा शिकवेल? मला वाटतं, नांदेडच्या त्या मोहिमेनं सर्वांत मोठी भेट कुणाला दिली असेल तर ती मन लावून शिकवणाऱ्यांना. निकाल पडला, पण तो पहिल्यांदा त्यांचा होता.

मग कॉपीला शाळांचा इतका आधार का होता? इथं ‘पट’ येतो. शाळेत किती शिक्षक असावेत हे संच मान्यतेत ठरतं, आणि संच मान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. मुलं कमी भरली की पद जातं, आणि त्या पदावरचा माणूस ‘अतिरिक्त’ होतो, त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या तालुक्यात. मुलं निकाल बघून येतात, म्हणून निकाल लागलाच पाहिजे. आणि तरी भरली नाहीत तर? २०११ मध्ये परदेशींनीच नांदेड जिल्ह्यात एकाच वेळी सगळ्या शाळांची पटपडताळणी केली आणि कागदावरची मुलं व बाकावरची मुलं यातलं अंतर उघड्यावर आलं. त्यापाठोपाठ त्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबरला सबंध राज्यात पडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती.

खोटा पट मोडला ते योग्यच झालं. पण पटाची टांगती तलवार तशीच आहे. एप्रिल-मे महिन्यात कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट भागात फिरा. हायस्कूलचे शिक्षक उन्हात दारोदार दिसतील, पाचवी आणि आठवीसाठी मुलं गोळा करत. गणवेश आम्ही देऊ, ऑटोचं भाडं आम्ही भरू, दप्तर आमच्याकडून. हा खर्च बहुतेकदा शिक्षकांच्याच वर्गणीतून होतो. ज्याच्या दारात तुम्ही मे महिन्यात हात जोडून उभे होता, त्याच्या मुलाला ऑगस्टमध्ये गृहपाठ न केल्याबद्दल उभं करायचं धाडस तुम्हाला होत नाही. शिक्षकाचा अधिकार असा शांतपणे संपतो.

याच तालुक्यांत दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट होते. ऊसतोडीला टोळ्या निघतात, आणि लेकरंही आईबापांबरोबर जातात. जून ते ऑक्टोबर ज्या मुलीला वाचायची गोडी लावली, तिचा बाक नोव्हेंबरात रिकामा. ती परत येते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. हंगामी वसतिगृहं निघाली, पण दहावीची मुलगी एकटी मागं ठेवायची की नाही हे आई ठरवते, आणि तिची भीती खोटी नसते. शिक्षकाला इथं कुणी नडत नाही, कुणाशी भांडता येत नाही. तो फक्त दर वर्षी नव्यानं सुरुवात करतो. माझ्या मनात सर्वांत जास्त आदर या शिक्षकांबद्दल आहे.

पेन्शनचा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो स्वच्छ आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसून तेच काम करणारे दोघे, एकाचं म्हातारपण सुरक्षित, दुसऱ्याचं अधांतरी. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं काढणाऱ्याला माध्यमिकला २०२२ अखेरपर्यंत महिना ८,००० रुपये मिळत होते, २०२३च्या जानेवारीपासून १८,००० झाले. हर्झबर्गच्या दोन खात्यांपैकी हे कुढण्याचं खातं आहे. त्यानं कुणी उत्तम शिक्षक होणार नाही, पण ते रिकामं ठेवून उमेदीच्या गोष्टी सांगणं अन्याय आहे. याच खात्यात आणखी एक भर पडली: १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितलं. हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीवर असलेले कित्येक जण त्यात येतात. पंचेचाळिशीतला माणूस रात्री मुलीच्या टेबलावर बसून बालमानसशास्त्राचे पर्याय गोल करतो आहे. परीक्षेला माझा विरोध नाही. वीस वर्षांच्या शिकवण्याला त्या कागदात कुठंच गुण नाहीत, हे मात्र मला बोचतं.

लातूरची गोष्ट अजून अपुरी आहे. पॅटर्नला यश आलं, मुलं चारी दिशांनी यायला लागली, आणि त्यांच्यामागून खासगी क्लास आले. आज लातूरचा उद्योग भवन परिसर किंवा नांदेडचं श्यामनगर संध्याकाळी पाहिलं तर अकरावी-बारावीचा सगळा जिल्हा तिथं लोटलेला वाटतो. कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश असतो, हजेरी प्रॅक्टिकलपुरती. पूर्णवेळ पगार घेणारा, एम.एस्सी. झालेला प्राध्यापक ऐंशीच्या वर्गात बारा मुलांसमोर उभा असतो, आणि त्या बाराही मुलांना तो धडा क्लासमध्ये आधीच झालेला असतो. ज्या चाचण्यांमधून लातूरच्या शिक्षकाला आपलं मूल दिसत होतं, त्या चाचण्याच आता दुसऱ्याच्या हातात आहेत. या माणसाचा पगार चांगला आहे, नोकरी पक्की आहे, कुणी त्रास देत नाही. आणि तरी तो माझ्या पाहण्यातला सर्वांत खचलेला शिक्षक आहे. इंडोनेशियाचा आकडा मला त्याच्याकडं पाहून समजला.

सुरुवातीचे दोन आकडे इथं उलगडतात. शंभर टक्के मिळवू शकणाऱ्या मुलाकडं शाळा, क्लास, वर्तमानपत्र, पुढारी सगळे बघतात, म्हणून शिक्षकाचीही शक्ती तिकडं वळते. काठावर नापास होणाऱ्या मुलाला पस्तीसवर आणणं हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि त्याचं कुठंच नाव होत नाही. शिक्षक ते करतच नाहीत असं नाही. कुणी बघत नसताना ते फार काळ करत राहणं कठीण असतं, एवढंच.

या मातीत शिक्षकाला एकेकाळी दुसरंच बळ होतं, हेही सांगायला हवं. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीतून राष्ट्रीय शिक्षण देणारी हिप्परग्याची शाळा १९२१ मध्ये निघाली, आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. पुढं ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले, आणि तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवणारे नरहर कुरुंदकर पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांनी जे लिहिलं-बोललं ते अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. शाळामास्तरानं काय वाचावं, कशावर बोलावं, याला तेव्हा विहित नमुना नव्हता. आजच्या शिक्षकाला कुरुंदकर व्हायची सक्ती नाही, पण आठवड्यातला एखादा ऑफ तास तरी त्याचा स्वतःचा असू द्यावा, ज्यात त्याच्याकडं कुणी यादी मागणार नाही. प्रशासनाच्या हातातली, एक रुपया न लागणारी ही गोष्ट आहे.

आणि आपल्या हातातली एक. दहावी-बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फलक लागतात. मुलाचा फोटो, पुढाऱ्याचा फोटो, क्लासच्या संचालकांचा फोटो. या वर्षी तुमच्या गल्लीत, तुमच्या संस्थेत, तुमच्या घरात असा निकाल लागला तर त्या मुलाला बसवून विचारा, तुला अपूर्णांक कुणी शिकवले, पहिला निबंध कुणी तपासला? ते नाव फलकावर घाला. आणि तुमच्या घरचं मूल नापास होता होता पस्तीसवर पास झालं असेल, तर पेढे घेऊन आधी त्या सरांकडं, त्या बाईंकडं जा. त्यांच्याकडं असं कुणी येत नाही.